बंबाच्या जागीं काय बसवावें, आणि कोणाकडून?

पौष जवळ आला कीं सोलापुरांत दोन विषयांची बोलणी सुरू होतात. एक सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेचा व दुसरा न्हाणीघरांतील ऊन पाण्याचा. यंदा दुसऱ्या विषयाला अधिक धार आली आहे. माझ्या परिचयाच्या तीन घरांतील तांब्याचे बंब एकाच हंगामांत बाद झाले. एकाच्या मधल्या नळीला भोक पडलें, एकाच्या बुडाचा सांधा सुटला आणि तिसऱ्याची तोटीच हातांत आली. डाग देणारा कारागीर साऱ्या पेठा धुंडाळूनहि मिळाला नाहीं. तिन्ही घरच्या कर्त्या पुरुषांनीं माझ्याकडे एकच प्रश्न आणला, "मास्तर, आतां कोणतें यंत्र घ्यावें?" मीं तिघांसहि उलट विचारलें, "तें बसविणार कोण?" हा प्रश्न त्यांस किंचित् अवांतर वाटला. माझ्या मतें तोच मुख्य आहे, आणि म्हणून या महिन्याचें टिपण त्यालाच वाहिलें आहे.

जाणाऱ्याचे गुण आधीं सांगावे, ही आपली रीत. पुण्याच्या कसबा पेठेंतील तांबट आळींत ठोक्यावर ठोका बसून घडलेला बंब म्हणजे मुळांत एक उघडें भांडें. वर नरसाळ्यांतून तांब्याभर गार पाणी ओतावें, तर तोटींतून तेवढेंच ऊन पाणी बाहेर यावें. त्यास दाब म्हणून ठाऊक नव्हता, म्हणून फुटण्याचें भय नव्हतें. तुराट्या, धसकटें, गोवऱ्या, करवंट्या, सुताराकडच्या ढलप्या, जें मिळेल तें त्यास चाले. धूर मात्र तो करी, आणि त्या धुरासाठीं न्हाणीघराला वर झरोका ठेवावाच लागे. धूर डोळ्यांस झोंबला कीं आंतील माणूस आपण होऊन दार उघडी. पुढें बंबाचें महत्त्व कमी झालें, न्हाणीघरांना गुळगुळीत फरशा आल्या, आणि पुष्कळ घरांनीं "थंडी येते" म्हणून तो झरोका बुजवून टाकला. हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

नव्या यंत्रांत सर्वांत स्वस्त आणि तरुण मंडळींस सर्वांत प्रिय तो गॅसचा गिझर. तोटी सोडली कीं ऊन पाणी. वाट पाहणें नाहीं, विजेचें बिल नाहीं. एकत्र कुटुंबांत सकाळीं आठ-दहा स्नानें ओळीनें व्हावयाचीं असतात, तेव्हां त्याचा मोह पडणें स्वाभाविक आहे. पण हिशेब मांडून पाहावा. मिनिटाला ५-६ लिटर पाणी तापविणारा गिझर तासाला सुमारें ९०० ग्रॅम गॅस जाळतो. एक किलो गॅस नीट जळावयास सुमारें १२ घनमीटर हवा लागते. चार फूट रुंद, सहा फूट लांब व आठ फूट उंच अशा न्हाणीघरांत सारी मिळून साडेपांच घनमीटर हवाहि नसते. म्हणजे अर्धा तास यंत्र चाललें कीं त्या खोलींतील झाडून साऱ्या हवेइतकी हवा त्यानें मागितली! दार बंद, झरोका बुजलेला; तेव्हां ज्योतीस प्राणवायु अपुरा पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु उत्पन्न होतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं, बंबाच्या धुरासारखा तो डोळ्यांस झोंबतहि नाहीं. रक्तांतील हिमोग्लोबिनास तो प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पटींनीं घट्ट बिलगतो. माणसास गुंगी येते, पाय लटपटतात, आणि कडी काढण्याची शक्ति उरत नाहीं.

आमच्या गल्लींतील एका घरीं चौथ्या स्नानास गेलेली कॉलेजांतील मुलगी हांकेला ओ देईना. आजीबाई दाराशींच माळ ओढीत बसल्या होत्या, म्हणून तें तत्काळ लक्षांत आलें. दार तोडलें, मुलीस अंगणांत आणलें, आणि दैव बलवत्तर म्हणून ती वांचली. तिच्यापूर्वीं ज्या तिघांनीं स्नान केलें त्यांस कांहींच झालें नव्हतें. यंत्र तेंच, गॅस तोच. हवा तेवढी संपत आली होती. ज्यानें तो गिझर न्हाणीच्या आंतल्या भिंतीवर ठोकला त्या मिस्त्रीस मागाहून विचारलें, तर त्याचें उत्तर एवढेंच, "मालकांनीं जागा दाखविली, तिथें बसविला." जागा चुकीची आहे हें सांगण्याचें काम आपलें आहे, असें त्यास वाटलेंच नाहीं. माझा "बसविणार कोण" हा प्रश्न येथून निघतो. गॅसचा गिझर घ्यावयाचाच असेल तर तो उघड्या सज्जांत किंवा बाहेरच्या भिंतीवर असावा व ऊन पाण्याची नळी तेवढी आंत आणावी. तशी जागा नसेल तर तो घेऊंच नये. याविषयीं तडजोड करावयास मी तयार नाहीं.

विजेच्या टाकीच्या गिझराचा हिशेब सरळ आहे. २५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यावयास सुमारें १.२ युनिट वीज लागते, आणि २००० वॉटचें यंत्र तें काम साधारण ३५ मिनिटांत करतें. त्यांत गार पाणी मिसळून १८ लिटरच्या अडीच बादल्या होतात. दहा माणसांच्या घरांत टाकी चार वेळां तापवावी लागेल. रोजचीं सुमारें पांच युनिटें. दुकानदार ताऱ्यांची मोठी महती सांगतात. ते तारे तापलेलें पाणी तसेंच पडून राहिलें तर टाकी किती उष्णता गमावते, एवढेंच दाखवितात. एकामागून एक स्नानें उरकणाऱ्या घरास त्यांचा लाभ बेताचाच. त्यापेक्षां आय.एस. २०८२ हा मानक क्रमांक व आयएसआयची खूण आहे कीं नाहीं, हें आधीं पाहावें.

खरा निकाल पाणी देतें. ज्या घरीं बोअरच्या पाण्यांत डाळ शिजत नाहीं व साबणाला फेस येत नाहीं, त्या घरीं गिझराच्या तापणाऱ्या कांडीवर चुन्याचा थर चढणारच. ६० अंशांच्या वर तो झपाट्यानें चढतो, म्हणून यंत्राचा कांटा त्यापुढें नेऊं नये. (वाग्भटानें अष्टांगहृदयांत ऊन पाणी मानेखालील शरीरास बलदायक, पण मस्तकावर घेतल्यास केसांस व डोळ्यांस अहितकर म्हटलें आहे. वाफाळलेलें पाणी डोक्यावरून घेणाऱ्या आमच्या नातवंडांनीं तें जरूर वाचावें.) टाकीच्या आंत मॅग्नेशियमचा एक दांडा असतो, तो स्वतः झिजतो आणि टाकीला गंजण्यापासून वांचवितो. जड पाण्याच्या घरीं वर्षा-दोन वर्षांनीं तो बदलावा लागतो. हें बहुतेक गृहस्थांस कोणी सांगितलेलेंच नसतें, आणि मग टाकी गळूं लागली कीं कंपनीच्या नांवानें बोटें मोडणें सुरू होतें.

सौर बंबाचें आकर्षण सोलापुरांत विशेष. सूर्याची आमच्यावर कृपा अंमळ जास्तच आहे. वैशाखांत गच्चीवरच्या काळ्या टाकींतील पाणी दुपारीं अंगावर घेववत नाहीं. ऊन पाण्याची खरी निकड कार्तिकापासून माघापर्यंतची, आणि नेमका तेव्हांच सूर्य खालीं उतरलेला असतो. पौषांत मध्यान्हींचा सूर्यहि क्षितिजापासून सुमारें ५० अंशांवरच असतो. आमचा अक्षांश १७ अंश ४० कला. म्हणून दक्षिणेकडे तोंड करून साधारण २८ ते ३० अंशांचा कल ठेवला तर हिवाळ्यांतील ऊन नीट पडतें. शेजारच्या इमारतीची सावली पाहावयाची तीहि पौषांतली, चैत्रांतली नव्हे. पहांटे उठून स्नानसंध्या करणारांनीं चिंता करूं नये. कालच्या उन्हानें तापलेलें पाणी वेष्टनाच्या टाकींत सकाळपर्यंत पुरेसें ऊन राहतें.

अडचण पाण्याचीच आहे. गांवाची मदार मुख्यतः उजनी धरणावर, आणि नळ अनेक वर्षें कांहीं दिवसांआड सुटत आला आहे. वरची टाकी रिकामी झाली, कांचेच्या नळ्या भर उन्हांत कोरड्या तापल्या, आणि अशा वेळीं दुपारीं एकदम गार पाणी आंत शिरलें, कीं नळी तडकलीच. म्हणून रिकामी झालेली यंत्रणा पहांटे किंवा रात्रींच भरावी. तांब्याच्या बारीक नळ्यांचा पत्रा जड पाण्यानें तुंबतो, तर कांचेच्या नळ्यांच्या तळाशीं गाळ बसतो. तो वर्षांतून एकदां काढतां येतो. गार पाण्याच्या टाकीचें बूड सौर बंबाच्या टाकीच्या माथ्याहून वर असलें पाहिजे, नाहीं तर पाणी चढत नाहीं. इतकी साधी गोष्ट न पाहतां सौर बंब बसवून पैसे घेऊन गेलेले महाभाग मीं पाहिले आहेत.

आतां त्या महाभागांकडे वळूं. या गांवानें वाफेचे बॉयलर पिढ्यान्‌पिढ्या पाहिले. १८७७ सालीं सुरू झालेल्या जुन्या गिरणीपासून येथील कापडधंदा वाफेवर वाढला. गिरण्यांतील बॉयलरवर १९२३ च्या कायद्यानें सरकारी तपासनीस होता (त्या जागीं २०२५ सालीं नवा कायदा आला), आणि तो चालविणाऱ्यास परीक्षा देऊन दाखला मिळवावा लागे. घरच्या न्हाणींतील टाकीवर असा कोणी तपासनीस नाहीं. इंग्लंडांत घरच्या गॅसच्या उपकरणास हात लावणारा माणूस सरकारमान्य नोंदवहींत असावाच लागतो. २००९ पासून त्या नोंदवहीस 'गॅस सेफ' म्हणतात, आणि गृहस्थ दारांतच ओळखपत्र मागतो. आपल्याकडे घरांत नवी वायर ओढावयाची तर परवाना असलेला विद्युत् कंत्राटदार हवा, असा नियम आहे. पण परवाना दाखवा म्हणणें आपणांस भिडेपोटीं जमत नाहीं. मुलीचें स्थळ पाहतांना दहा ठिकाणीं चौकशी करणारे आपण, मिस्त्रीचें नांवहि विचारीत नाहीं.

चांगला मिस्त्री आल्याबरोबर ड्रिल काढीत नाहीं. आधीं भिंतीवर टिचकी मारतो. २५ लिटरचा गिझर भरला म्हणजे ३५ किलोच्या घरांत जातो, आणि कसब्यांतील जुन्या वाड्यांच्या पांढऱ्या मातीच्या भिंतींत त्याचे बोल्ट टिकत नाहींत. मग तो वरची टाकी किती उंच आहे तें पाहतो, मीटरपाशीं जातो, वायर किती जाड आहे विचारतो. २००० वॉटचें यंत्र जवळजवळ ९ अँपिअर ओढतें. त्यास १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट व तांब्याची ४ चौरस मिलिमीटरची वायर असावी, आणि गळतीची वीज क्षणांत तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असावा.

एक परीक्षा मी सर्वांस सुचवितों. मिस्त्रीस विचारावें, "सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकूं लागलें तर काय कराल?" २५ लिटर पाणी २० वरून ६० अंशांपर्यंत तापतांना सुमारें पावणेचारशें मिलिलिटरनें फुगतें. टाकी बंद असेल तर त्या फुगलेल्या पाण्यास वाट हवी, आणि तीच वाट हा व्हॉल्व्ह देतो. तापतांना चार थेंब पडले तर तो आपलें काम करतो आहे. जो म्हणेल, "काळजी नको, प्लग मारून बंद करतों," त्यास चहा पाजून निरोप द्यावा. घरांत बॉम्ब ठेवण्याची मजुरी देऊं नये. आणि जो म्हणेल, "त्याला नळी जोडून मोरींत सोडतों, पण गार असतांनाहि सारखें गळलें तर मला बोलवा," त्याच्याशीं मजुरीची घासाघीस करूं नये.

मजुरी, व्हॉल्व्ह, नळ्या यांचे आंकडे पावतीवर लिहून घ्यावे; "फुकट बसवून देऊं" या शब्दांत नळ्या बहुधा येत नाहींत. थोडी रक्कम तीन दिवस यंत्र चालल्यावर द्यावी. गरज सरो वैद्य मरो हें येथें दोन्ही बाजूंनीं खरें असतें.

राहिली अर्थिंगची गोष्ट. जुन्या घरांत अर्थिंगची तार लोखंडी नळाच्या पाइपाला बांधून देण्याची पद्धत होती. पुढें ते पाइप काढून प्लॅस्टिकचे टाकले, आणि तार प्लॅस्टिकला बांधलेली तशीच लोंबत राहिली. तिन्ही घरें मीं स्वतः जाऊन पाहिलीं. दोहोंत हाच प्रकार निघाला. त्यांपैकीं एकानें आतां अंगणांत कोळसा-मिठाचा नवा खड्डा करून घेतला आणि २५ लिटरचा गिझर लावला. दुसऱ्यानें खड्डा तर केलाच, शिवाय गच्ची मोकळी म्हणून २०० लिटरचा सौर बंबहि घेतला. तिसरे अद्याप मिस्त्रीच्या शोधांत आहेत, आणि तोंवर चुलीवर हंडा चढतो. ज्यांनीं खड्डे केले त्यांस मीं एवढेंच सांगून ठेवलें आहे कीं चैत्र-वैशाखांत आमची काळी माती हात-हात भेगाळते आणि खड्डा कोरडा पडतो; तेव्हां दर आठ दिवसांनीं त्यांत दोन बादल्या पाणी ओतावें, भांडीं विसळलेलें असलें तरी चालेल.