काम गेलं तर ईएसआयकडून पैसे मिळतात, पण राजीनाम्यावर सही केली की अडतं

मांजरी बुद्रुक गाव ३० जून २०२१ ला पुणे महापालिकेत गेलं. गाव शहरात गेलं तसा रोजगार हमीचा आधारही सुटला, कारण ती योजना ग्रामीण भागापुरती. नदीपलीकडच्या मांजरी खुर्दला ती आहे, पण तिथलीही पोरं हडपसरच्या कंपन्यांत नाहीतर वाघोलीकडच्या गोदामांतच कामाला जातात. ठेकेदार एक दिवस म्हणतो, उद्यापासून येऊ नको. मग माणूस पीएफ काढायच्या मागे लागतो. पगारातून दर महिन्याला ईएसआयचेही पैसे कापले जात होते आणि त्यात बेकारीचा भत्ता आहे, हे बहुतेकांच्या ध्यानातच नसतं.

ईएसआय म्हणजे फक्त दवाखाना नाही. दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी २१ हजारांपर्यंत पगार असेल तर कामगाराचे पाऊण टक्का आणि मालकाचे सव्वातीन टक्के भरावे लागतात. १८ हजार पगार असेल तर तुमचे १३५ आणि मालकाचे ५८५, असे महिन्याला ७२० रुपये तुमच्या नावावर जातात. याच वर्गणीच्या जोरावर १ जुलै २०१८ पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना चालू आहे. सुरुवातीला ती नावापुरतीच होती: रोजच्या सरासरी कमाईच्या २५ टक्के, तेही काम गेल्यावर तीन महिने थांबून. लॉकडाऊनमध्ये लाखो लोक घरी बसले तेव्हा, ऑगस्ट २०२० मध्ये, सरकारने दर ५० टक्के केला आणि थांबायची मुदत ३० दिवसांवर आणली. अर्ज मालकामार्फत करायची अटही काढली. जास्तीत जास्त ९० दिवसांचे पैसे मिळतात. १८ हजार पगारवाल्याला रोजचे साधारण २९५ रुपये, म्हणजे एकूण साडेसव्वीस हजारांच्या आसपास. घरभाडं आणि किराणा दोन-तीन महिने निघेल एवढे.

अट अशी की निदान दोन वर्षं तुमचा विमा असावा. ईएसआयची वर्गणी सहा-सहा महिन्यांच्या हप्त्यात मोजतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. काम जायच्या लगेच आधीच्या हप्त्यात ७८ दिवस भरलेले हवेत, आणि त्याआधीच्या तीन हप्त्यांपैकी एकात तरी ७८. ऐकायला सोपं वाटतं. पण ठेकेदार बदलला की नवा माणूस जुना विमा क्रमांक विचारत नाही, सरळ नवा काढतो. मग एका माणसाचे दिवस दोन क्रमांकांत वाटले जातात आणि दोन्हीकडे कमी पडतात. विमा क्रमांक जन्मभर एकच असतो. नव्या ठिकाणी पहिल्याच दिवशी तो सांगा. ईएसआयच्या साईटवर लॉगिन करून आपले दिवस मोबाईलवरही बघता येतात.

खरी गोची मात्र राजीनाम्याची आहे. स्वतःहून काम सोडलं, निवृत्त झाला किंवा गैरवर्तनासाठी काढलं, तर हा भत्ता मिळत नाही. मालक महिन्याची वर्गणी भरताना कामगाराची शून्य हजेरी दाखवतो तेव्हा त्याला कारण निवडावं लागतं. यादीत ‘नोकरी सोडली’ आहे, ‘कामगार कपात’ आहे, ‘काम नाही’ हेही आहे. बरेच जण ‘नोकरी सोडली’ टाकून मोकळे होतात. त्यात नुसता आळस नसतो. वर्षभर सलग काम झालेल्याला कपातीत काढायचं तर महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार द्यावा लागतो, वर दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार. कामगाराने राजीनामा लिहून दिला की मालकाचा सगळा खर्च वाचतो. म्हणूनच ‘सही कर, मग हिशोब देतो’ असं म्हणतात. आपलाच पगार आपल्याला द्यायला ही अट कशाला?

त्या एका शब्दाने आणखी मोठं नुकसान होतं. २००५ पासून राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आहे. कारखाना बंद पडला, कायदेशीर कपात झाली किंवा कामाबाहेरच्या अपघाताने ४० टक्के किंवा त्याहून जास्त कायमचं अपंगत्व आलं, तर दोन वर्षांची वर्गणी असलेल्याला २४ महिने भत्ता मिळतो. पहिले बारा महिने पगाराच्या ५० टक्के, पुढचे बारा महिने २५ टक्के. म्हणजे कागदावर कपात असेल तर दोन वर्षांचा आधार, आणि राजीनामा असेल तर काहीच नाही.

त्यामुळे काढताना लेखी पत्र मागा. देत नसतील तर ‘कामावर घेत नाही, कारण कळवा’ असा मेसेज सुपरवायझरला करा आणि जपून ठेवा. हजेरीचे फोटो, पगाराच्या चिठ्ठ्याही ठेवा. दबावाने सही घेतली असेल तर दिवस न घालवता कामगार आयुक्त कार्यालयात लेखी तक्रार द्या. भत्त्याचा अर्ज ईएसआयच्या साईटवर भरतात. आधार आणि बँक खातं जोडलेलं असावं लागतं. पडताळणी तुमची शाखा करते, आणि शाखेत काम अडलं तर वर बिबवेवाडीचं पंचदीप भवन आहे.

२०१८ ची योजना कायमची नाही, ती मुदतवाढीवर चालते. २०२४ मध्ये ती ३० जून २०२६ पर्यंत वाढवली होती. त्या तारखेनंतर काम गेलं असेल तर पुढची मुदत आली का, ते शाखेत आधी विचारून घ्या.