रस्त्याचाही वाफसा

वाचकहो, मळणी झालेली ज्वारी पोत्यात भरण्याआधी तुम्ही काय करता? चार दाणे तोंडात टाकता. कट् वाजले की भरायची, दाताखाली मऊ लागले की अजून एक ऊन द्यायचे. रस्त्याला असा दात लावता येत नाही, आणि घोटाळा तिथेच होतो.

जुना डांबरी रस्ता आता दर वेळी नव्या खडीनेच करतात असे नाही. यंत्राने वरचा थर खरवडायचा, निघालेल्या चुऱ्यात इमल्शन, म्हणजे पाण्यात कालवलेले डांबर, मिसळायचे आणि तिथेच पसरून रोलर फिरवायचा. खडी वाचते, डोंगर वाचतो, जळणही वाचते. पण यात पाणी मुद्दाम घातलेले असते आणि ते नंतर निघून जावे लागते. ते जाण्याआधीच वरून गरम डांबराचा थर चढवला, तर ओल आत कोंडते. मग गाड्यांच्या भाराने पाणी खडी आणि डांबर यांच्यामध्ये शिरते, डांबर खडीला सोडते. वरून रस्ता काळा कुळकुळीत, आत भुगा! उलट फार दिवस उघडा ठेवला तर वाहनांनी खडी उखडते, पाऊस आला की पुन्हा ओल. पेरणीसारखाच इथेही वाफसा साधावा लागतो.

अमेरिकेतले आयोवा हे मक्याचे राज्य. तिथे १९८० च्या दशकापासून ग्रामीण रस्ते या पद्धतीने केले जातात. वरचा थर घालण्याआधी ओल १.५ टक्क्यांच्या आत हवी, अशी तिथली रूढ अट होती.

पण हा दीड टक्का मोजायचा कसा? खात्रीची रीत अगदी घरगुती आहे. नमुना काढून तोलायचा, वजन घटायचे थांबेपर्यंत भट्टीत वाळवायचा, पुन्हा तोलायचा. १०२० ग्रॅमचे १००० ग्रॅम भरले तर ओल २ टक्के. म्हणजे अजून थांबा. यात फसगत नाही, पण वेळ जातो आणि नव्या थराला भोक पडते ते वेगळेच.

म्हणून झटपट यंत्र आणतात. त्यातून न्यूट्रॉन कण सोडतात. याच तत्त्वावर जमिनीतली ओलही मोजतात. गंमत अशी की हे यंत्र पाणी ओळखत नाही, पाण्यातला हायड्रोजन ओळखते. आणि डांबरातही हायड्रोजन भरपूर! ठणठणीत कोरडा चुरा दाखवला तरी ते ‘ओला’ म्हणून सांगते. तेव्हा त्याच जागेचा नमुना भट्टीत वाळवून यंत्राचा आकडा दुरुस्त करून घ्यावा लागतो. तो कंटाळा केला, की यंत्रावरचा विश्वास उडतो आणि माणसे नजरेने ठरवू लागतात. मला याचीच भीती जास्त वाटते.

आयोवात अभियंत्यांनी थरातच ओल मोजणारी उपकरणे पुरून पाहिली. ऊन, वारा, हवेतला दमटपणा यांवरून ओल किती उतरेल याचा हिशेब बसवण्याचा तो खटाटोप. नुसते दिवस मोजून भागत नाही, हे तुम्हांआम्हांला खळ्यावर कळलेलेच आहे.

तुमच्या शिवारालगत असे काम निघाले, तर जरूर विचारा : नमुना काढला का, वजन किती उतरले? आणि तो थराच्या वरून काढला की तळातून, तेही विचारा. वरचे दोन बोटे ऊन-वाऱ्याने आधी वाळते. ओल दडून बसते ती खाली.