मेंदूचा अभ्यास दोन वर्षांच्या कराराने होत नाही

*मेंदूविज्ञानासाठी देशाने संस्था उभारल्या, यंत्रेही आणली. मात्र ज्यांच्या हातून हे संशोधन घडते, त्या पीएचडीनंतरच्या संशोधकांना आपण अजूनही तात्पुरतेच मानतो.*

काही महिन्यांपूर्वी उत्तर भारतातील एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात, रात्री साडेदहाच्या सुमारास, मी एका तरुण संशोधिकेसोबत एमआरआय कक्षाबाहेर बसलो होतो. दिवसभर ते यंत्र रुग्णांसाठी राखलेले असते आणि ते योग्यच आहे. संशोधनाच्या वाट्याला येतात ते रात्रीचे उरलेले तास. तिच्या अभ्यासात सहभागी झालेले सत्तरीतले एक गृहस्थ आपल्या मुलासह आठ वाजल्यापासून थांबले होते. साडेअकराला अपघातातील एक जखमी आला, यंत्र त्याच्याकडे गेले आणि ते गृहस्थ घरी परतले. त्यांची क्षमा मागून ती पुढची तारीख ठरवू लागली. तिची नेमणूक कधीपर्यंत आहे, असे मी विचारले. ‘अजून सात महिने,’ ती म्हणाली. आणि स्कॅन किती जणांचे राहिले आहेत? ‘निम्म्या जणांचे.’

ही संशोधिका पोस्टडॉक आहे. म्हणजे तिची पीएचडी पूर्ण झाली आहे, पण कायमची नेमणूक मिळालेली नाही. नियमांच्या भाषेत ती विद्यार्थिनी नाही आणि कर्मचारीही नाही. प्रयोगशाळेचे प्रमुख प्रकल्प मिळवतात, बैठकांना जातात, शोधनिबंधाच्या शेवटी सही करतात. पण सहभागींना शोधणे, प्रयोगाची आखणी करणे, यंत्राशेजारी बसणे, प्रत्येक मेंदूच्या शेकडो प्रतिमांमधून हालचालीचे दोष वेगळे काढणे आणि पीएचडीच्या विद्यार्थ्यांना हे सारे शिकवणे, हे काम बहुतांशी पोस्टडॉक करतात. मेंदूच्या प्रतिमांकनाला भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र, संगणकशास्त्र आणि मानसशास्त्र या चारही विषयांची जाण लागते. ती अंगी मुरायला वर्षे जातात. आपल्या व्यवस्थेत मात्र ती मुरेपर्यंत करार संपलेला असतो.

आपलेच असे प्रश्न

हा मोजक्या संशोधकांच्या सोयीचा प्रश्न आहे, असे कोणाला वाटेल. पण ‘लासी-डॅड’ या राष्ट्रीय अभ्यासावर आधारित, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात साठीच्या पुढील ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख ज्येष्ठांना, स्मृतिभ्रंश आहे. देश वृद्धत्वाकडे झुकत असताना हा आकडा वाढतच जाणार. या ज्येष्ठांचे निदान ज्या मोजपट्ट्यांनी होते, त्यांपैकी बऱ्याच आपल्यासाठी बनलेल्याच नाहीत.

स्मृतिभ्रंश तपासण्याची जगभर रूढ असलेली एक चाचणी १९७५ साली तयार झाली. तिच्यात रुग्णाला एक वाक्य लिहायला सांगतात. जिने आयुष्यात पाटी-पेन्सिल हाती धरली नाही अशा आजीला हा प्रश्न विचारला, तर तिच्या उत्तरातून स्मृती कळत नाही, तिची शाळा हुकली एवढेच कळते. हरियाणातील बल्लभगड परिसरात काम करणाऱ्या संशोधकांनी १९९०च्या दशकात ही चाचणी हिंदीत नव्याने बांधली आणि लिहिण्याच्या जागी तोंडी सांगण्याचा प्रश्न घातला. बदल छोटा होता, पण तो खेड्यातल्या ओसरीवर बसून काम केल्याशिवाय सुचला नसता.

मेंदूच्या प्रतिमांचेही असेच आहे. एखाद्याचा मेंदू आक्रसला आहे का, हे ठरवताना त्याची तुलना प्रमाण मानलेल्या नकाशाशी केली जाते. त्यासाठी जगभर सर्वाधिक वापरला जाणारा नकाशा कॅनडातील मॉन्ट्रियल येथील संस्थेच्या नावाने ओळखला जातो आणि तो प्रामुख्याने पाश्चात्त्य देशांतील तरुणांच्या प्रतिमांवरून बनला आहे. हैदराबादच्या ‘ट्रिपल आयटी’तील संशोधकांनी २०१९ मध्ये १०० भारतीय तरुणांच्या प्रतिमांवरून वेगळा नकाशा सिद्ध केला. तेव्हा भारतीय मेंदूची लांबी, रुंदी आणि उंची सरासरीने कमी असल्याचे दिसले. याचा बुद्धीशी काही संबंध नाही, निदानाशी मात्र थेट आहे. परक्या मापाशी ताडून पाहिलेला निरोगी मेंदूही आक्रसलेला भासू शकतो.

काही प्रश्न तर इथेच विचारता येतात. हैदराबादच्या ‘निम्स’मधील डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाची सुरुवात सरासरी साडेचार वर्षे उशिरा होते, असे त्यात आढळले. निरक्षर रुग्णांतही हा फरक टिकला. म्हणजे तो शिक्षणाचा परिणाम म्हणून सोडून देता येईना. बहुभाषक आणि तरीही निरक्षर अशी माणसे मोठ्या संख्येने असलेल्या समाजातच हा प्रश्न तपासता येतो.

हा लेख आपण देवनागरीत वाचत आहात, म्हणून आणखी एक उदाहरण देतो. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी देवनागरी वाचताना मेंदूत काय घडते, याचा कार्यात्मक एमआरआयच्या साह्याने अभ्यास करून २००९ मध्ये निष्कर्ष मांडले. देवनागरीत व्यंजने डावीकडून उजवीकडे येतात, पण स्वरचिन्हे वर, खाली, मागे, पुढे कुठेही लागतात. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी येते आणि उच्चारताना नंतर. अशी लिपी वाचताना मेंदूच्या दोन्ही गोलार्धांतील भाग कामाला लागतात, असे त्यांना दिसले. वाचनदोष असलेल्या मराठी किंवा हिंदी मुलाला इंग्रजीसाठी बनलेल्या उपायांनी कितपत मदत होईल, हा प्रश्न इथून सुरू होतो. तो पुढे नेणारे हात किती आहेत, हे विचारायला हवे.

चोवीस महिन्यांचे गणित

हे सारे काम करायला किती वेळ लागतो? आधी नैतिकता समितीची मंजुरी, मग सहभागींचा शोध. स्कॅन म्हणजे काय, त्याने इजा होते का, अहवाल सुनेला कळेल का, या शंकांचे निरसन. शरीरात धातूची पट्टी किंवा पेसमेकर असलेले वगळायचे, बंद नळीत घाबरणारे वगळायचे. मग यंत्राची वेळ मिळवायची. प्रतिमा हाती आल्यावर विश्लेषण, लेखन, परीक्षकांचे आक्षेप. हे सगळे एका स्कॅनच्या अभ्यासाचे झाले. वय वाढताना मेंदू कसा बदलतो, हे पाहायचे तर त्याच माणसाला वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा बोलवावे लागते.

या कामाला आपली राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिप दोन वर्षे देते. योजनेच्या मूळ तरतुदीत फेलोशिपव्यतिरिक्त संशोधनासाठी वर्षाला दोन लाख रुपये ठेवलेले होते. एका स्कॅनला पाच हजार रुपये धरले, तर ही सगळी रक्कम चाळीस स्कॅनमध्ये संपते. सहभागींचा प्रवासखर्च, संगणक आणि माहितीची साठवण अजून बाकीच आहे. सर्वसाधारण वयोमर्यादा ३५ वर्षे. महिलांना आणि राखीव प्रवर्गांना पाच वर्षांची सवलत आहे, हे चांगले. पण जो डॉक्टर निवासी प्रशिक्षण पूर्ण करून मग संशोधनाकडे वळतो, त्याच्यासाठी हे दार अर्धे मिटलेलेच असते.

प्रकल्पांवर काम करणाऱ्या रिसर्च असोसिएटांचे मानधन २०१९ नंतर थेट २०२३ मध्ये वाढले आणि श्रेणीनुसार दरमहा ५८,००० ते ६७,००० रुपये झाले. ही वाढ स्वागतार्ह होती. परंतु माझ्याशी बोललेल्या जवळपास प्रत्येकाची पहिली तक्रार रकमेबद्दल नव्हती, ती वेळेवर न मिळण्याबद्दल होती. एकाने सांगितले की पाच महिन्यांचे मानधन एकदम आले, तोवर घरभाडे वडिलांच्या निवृत्तिवेतनातून गेले. तिशी ओलांडलेल्या आणि डॉक्टरेट मिळवलेल्या माणसाला हे सांगताना काय वाटत असेल, हे मी लिहून दाखवण्याची गरज नाही.

वास्तू उभ्या राहिल्या

संस्थांच्या बाबतीत आपण रिकाम्या हातांनी उभे नाही. बेंगळुरूची ‘निम्हान्स’ ही या क्षेत्रातील जुनी आणि मातब्बर संस्था. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र १९९९ मध्ये स्थापन झाले. भारतीय विज्ञान संस्थेतील मेंदू संशोधन केंद्र क्रिस आणि सुधा गोपालकृष्णन यांच्या देणगीतून उभे राहिले. आयआयटी मद्रासच्या केंद्राने २०२४ च्या अखेरीस गर्भावस्थेतील मानवी मेंदूचा ‘धरणी’ हा त्रिमितीय नकाशा जगासाठी खुला केला. त्यासाठी मेंदूचे ५,१३२ काप डिजिटल स्वरूपात आणावे लागले.

यांतला मला सर्वाधिक मोलाचा वाटणारा प्रकल्प कोलार जिल्ह्यातील श्रीनिवासपूर तालुक्यात चालू आहे. पंचेचाळिशीच्या पुढच्या दहा हजार ग्रामस्थांना अनेक वर्षे नियमित तपासत राहायचे, हा त्याचा संकल्प. अशा अभ्यासाचे पीक दहा-पंधरा वर्षांनी हाती येते. दात्याने आणि संस्थेने दीर्घ पल्ल्याचा विचार केला, म्हणूनच तो शक्य झाला. शासकीय योजनांनी गिरवावा असा हा धडा आहे.

दुसरीकडे, ब्रिटनच्या ‘यूके बायोबँक’ने २०२५ मध्ये एक लाख स्वयंसेवकांची स्कॅन पूर्ण केली. मान्यताप्राप्त संशोधकांना ती माहिती जगात कुठेही वापरता येते. आपले अनेक हुशार पोस्टडॉक आज तीच वापरतात. त्यांना दोष देता येणार नाही. दोन वर्षांत शोधनिबंध हवा असेल, तर तयार माहितीवर काम करणे हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो. परिणाम इतकाच की भारतीय पैशावर, भारतीय बुद्धीने, ब्रिटिश मेंदूंचा अभ्यास होतो आणि आपल्या ज्येष्ठांचे मेंदू न पाहिलेलेच राहतात.

ही वेळ पुन्हा येणार नाही

कायम नेमणुका मर्यादित आहेत, जगभर पोस्टडॉक तात्पुरतेच असतात आणि प्रत्येकाला प्राध्यापकपद देणे कोणत्याही देशाला शक्य नाही, असे सरकारी अधिकारी सांगतात. यात तथ्य आहे. परंतु तात्पुरते असणे आणि असुरक्षित असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट यांच्या भागीदारीतील ‘इंडिया अलायन्स’ गेली दीड दशके पाच-पाच वर्षांच्या फेलोशिप देत आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्या तिसऱ्या टप्प्यासाठी १,५०० कोटी रुपयांच्या खर्चाला मान्यता दिली. म्हणजे दीर्घ मुदतीची नेमणूक आपल्या चौकटीत बसते. प्रश्न ती मोजक्यांपुरती ठेवायची की नियम बनवायची, हा आहे.

आणि वेळ अनुकूल आहे. अमेरिकेने सप्टेंबर २०२५ मध्ये एच-१बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर केले. तिथल्या वैद्यकीय संशोधनाच्या अनुदानावरही अनिश्चिततेचे सावट आहे. पीएचडी झाली की बॉस्टन किंवा सॅन फ्रान्सिस्को, हा सरळ वाटणारा रस्ता आता तसा राहिलेला नाही. परतणाऱ्यांसाठी आपल्याकडे रामलिंगस्वामी, रामानुजन यांच्या नावांच्या योजना आहेत आणि त्या असायलाच हव्यात. पण जो गेलाच नाही, त्याला इथे राहण्याची शिक्षा होऊ नये.

अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाकडून २०२३ ते २०२८ या पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपयांची अपेक्षा आहे. त्यातला मोठा वाटा सरकारबाहेरून यायचा आहे. संशोधन-विकासावर सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्केच खर्च करणाऱ्या देशाने हा पैसा कशावर आधी खर्चावा? माझे उत्तर असे. माणसांचा दीर्घकाळ पाठपुरावा करणाऱ्या विषयांत पोस्टडॉकची मुदत पहिल्यापासून पाच वर्षांची असावी आणि तिसऱ्या वर्षी कामाचे कठोर परीक्षण व्हावे. मानधन महिन्याच्या ठरल्या दिवशी मिळावे. भविष्यनिर्वाह निधी, आरोग्यविमा आणि प्रसूती रजा हे हक्क कर्मचाऱ्यासारखे असावेत. अनुदानाबरोबर यंत्राचे तासही मंजूर व्हावेत आणि सार्वजनिक पैशाने घेतलेल्या प्रत्येक मोठ्या स्कॅनरचे काही तास दिवसाउजेडी संशोधनासाठी राखावेत. प्रतिमा-तंत्रज्ञ आणि माहिती-विश्लेषक यांची कायम पदे निर्माण व्हावीत, म्हणजे प्राध्यापक न होणाऱ्या कुशल संशोधकालाही विज्ञानात जागा राहील. आणि सहभागींची ओळख जपून, प्रतिमांचा एक राष्ट्रीय साठा सर्व संस्थांना खुला व्हावा. यांतल्या एकाही गोष्टीसाठी नवी इमारत लागत नाही.

त्या रात्री परत गेलेल्या गृहस्थांचे स्कॅन पुढच्या आठवड्यात झाल्याचे संशोधिकेने मला कळवले. ते पुन्हा आले, दोन तास थांबले आणि तक्रार न करता यंत्रात झोपले. आपल्या भावाला विस्मृतीने ग्रासले होते, ते मुलांना होऊ नये, म्हणून आलो, असे त्यांनी तिला सांगितले. त्यांचे दुसरे स्कॅन दोन वर्षांनी व्हायचे आहे. त्याशिवाय पहिल्याला फारसा अर्थ नाही. गृहस्थ येतील, याबद्दल मला शंका नाही. त्यांना फोन करून बोलावणारे त्या खोलीत तेव्हा कोणी असेल का, एवढेच आपल्याला ठरवायचे आहे.