एवढंच?

डिसेंबरातली रात्र, जुन्नरजवळच्या गावाकडच्या घराची गच्ची, कानटोपी आणि माझी सहा इंची दुर्बीण. दव इतकं की आयपीस सारखा पुसावा लागत होता. कन्येला मृगातला तेजोमेघ दाखवला. पाहून म्हणाली, "बाबा, एवढंच?"

चूक माझीच. आदल्याच दिवशी तिला हबलचे रंगीत फोटो दाखवले होते! कॅमेरा बराच वेळ प्रकाश साठवत बसतो, डोळ्याला ते जमत नाही. अंधुक उजेडात रंगही कळत नाहीत. दिसतो तो करडा, धुरकट पुंजका.

म्हणून माझं स्पष्ट मत: मुलांना आधी आकाश दाखवा, फोटो नंतर.

मग तिला सांगितलं, हा तेजोमेघ सुमारे १,३०० प्रकाशवर्षं लांब आहे. म्हणजे हा प्रकाश निघाला तेव्हा ज्ञानेश्वरी (१२९०) लिहिली जायला अजून सहाएकशे वर्षं होती. फोटोतला उजेड स्क्रीनचा. हा मात्र खुद्द तिथून निघून तुझ्या डोळ्यात आलाय.

ती काही बोलली नाही. परत दुर्बिणीला डोळा लावून बसली. माझे दात वाजत होते, पण "चल आता खाली" म्हणायचा धीर काही झाला नाही.