घोषणा उदंड, उसनवारी बंद

आम्हा खेळवेड्यांचे सणवार वेगळे असतात. जूनमध्ये अमेरिकेत समर गेम फेस्ट, ऑगस्टमध्ये जर्मनीत कोलोनला गेम्सकॉम आणि डिसेंबरात लॉस एंजेलिसला गेम अवॉर्ड्स. या दिवशी पुढे येणाऱ्या व्हिडिओ गेम्सच्या झलका दाखवतात, नव्या यंत्रांचे मुखदर्शन होते, आणि आपल्याकडच्या अवेळी मोबाईलच्या उजेडात आमच्यासारखे लोक डोळे ताणून बसतात. यांतले बहुतेक खेळ माझ्या हाती कधी येणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण क्रिकेटचे समालोचन ऐकणारा प्रत्येक जण कुठे लॉर्ड्सवर जाऊन बसतो?

अनेक वर्षे या घोषणा ऐकून माझे एक मत बनले आहे. चित्र किती देखणे आहे, पाण्यात सूर्य कसा चमकतो, याला मी आता फारशी किंमत देत नाही. विकत घेतलेला खेळ मैत्रिणीला आठ दिवस देता येईल की नाही, हे मी आधी बघते. हे मत काहींना घरगुती वाटेल, पण त्याच्या मागे थोडा इतिहास आहे.

१९९५ च्या मे महिन्यात लॉस एंजेलिसला 'ई-थ्री' हे प्रदर्शन पहिल्यांदा भरले. सेगा कंपनीने आपले सॅटर्न हे यंत्र ३९९ डॉलरना आजपासूनच मिळेल, असे जाहीर केले. त्यानंतर सोनीचे स्टीव्ह रेस व्यासपीठावर आले, '२९९' एवढा एक आकडा उच्चारला आणि उतरून गेले. ते प्लेस्टेशन होते. २००१ साली सेगाने यंत्रे बनवण्याच्या धंद्यातून अंग काढून घेतले. त्याला कारणे अनेक होती. पण त्या एका आकड्याची गोष्ट खेळवेडे लोक अजून सांगतात. हेच सोनीवाले २००६ मध्ये त्याच प्रदर्शनात प्लेस्टेशन ३ ची वरची किंमत ५९९ डॉलर सांगून हसे करून घेते झाले, तेही लोक विसरलेले नाहीत. प्रदर्शन मात्र राहिले नाही. २०२३ च्या डिसेंबरात ते कायमचे बंद केल्याचे जाहीर झाले.

मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते २०१३ साल. त्या वर्षी मे महिन्यात मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन जाहीर केले. नंतर एकेक अटी बाहेर पडू लागल्या. यंत्राने चोवीस तासांत एकदा तरी इंटरनेटला जोडून हजेरी द्यायची; खेळाची तबकडी दुसऱ्याला द्यायची तर कंपनीच्या नियमाने द्यायची. लोक खवळले. जूनमध्ये सोनीने प्लेस्टेशन ४ ची किंमत १०० डॉलरने कमी, म्हणजे ३९९ ठेवली आणि जोडीला अर्ध्या मिनिटाहूनही लहान अशी एक चित्रफीत काढली. तीत एक गृहस्थ दुसऱ्याच्या हातात तबकडी देतात आणि दुसरे 'थँक्स' म्हणतात. उसने कसे द्यावे याचा संपूर्ण पाठ एवढाच! १९ जूनला मायक्रोसॉफ्टने आपल्या अटी मागे घेतल्या. ग्राहकांच्या ओरडण्याने एवढी मोठी कंपनी एका महिन्यात माघार घेते, हे आमच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकात कुठेच नाही.

उसनवारीवर माझा एवढा जीव का, असे कुणी विचारील. आमच्या गावच्या जत्रेत टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम मिळे. निन्टेंडोने १९८३ मध्ये जपानात काढलेल्या फॅमिकॉम या यंत्राची ती नक्कल होती, हे मला फार पुढे कळले. आमच्या आळीत ते यंत्र तीन घरांत होते आणि कॅसेटी मात्र सगळ्या आळीच्या होत्या. मारिओची कॅसेट आमच्याकडे, कॉन्ट्राची पलीकडच्या काकूंकडे. त्यांच्या मुलाची परीक्षा असली की कॉन्ट्रा आपोआप आमच्या घरी येई. कॅसेट चालली नाही तर तिच्या तोंडात फुंकर मारायची. (त्याने उपयोग होत नसे, पण फुंकर मारल्याशिवाय कुणाचे समाधान होत नसे.) माझ्या हाती रिमोट शेवटी येई, कारण मी मुलगी आणि शिवाय वयाने लहान. तरी येई. एका घरात घेतलेली वस्तू दहा घरांत खेळली जात होती, म्हणून तो छंद आमच्यासारख्या घरांना परवडला.

आता २०२५ कडे येऊ. १६ जानेवारीला निन्टेंडोने स्विच २ ची पहिली झलक दाखवली, २ एप्रिलला सगळा तपशील सांगितला आणि ५ जूनला यंत्र विकायला आले. अमेरिकेतली किंमत ४४९.९९ डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने साधारण ३८ हजार रुपये. मारिओ कार्ट वर्ल्ड हा एकटा खेळ ८० डॉलरना, म्हणजे पावणेसात हजारांच्या आसपास. एप्रिलमध्ये निन्टेंडोच्या थेट प्रक्षेपणाखाली लोक 'किंमत उतरवा' असा घोशा लावून बसले होते. किंमत उतरली नाही, आणि पहिल्या चार दिवसांत ३५ लाखांहून अधिक यंत्रे खपली! २०१३ चा ग्राहक कुठे गेला, असा प्रश्न मला त्या दिवशी पडला.

किंमतीच्या गोंगाटात एक गोष्ट मात्र बाजूला पडली. स्विच २ च्या काही खेळांच्या डबीत 'गेम-की कार्ड' असते. दिसायला ती कॅसेटच. पण तिच्यात खेळ नसतो, नुसती किल्ली असते. कार्ड यंत्रात घातले की खेळ इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा. स्ट्रीट फायटर ६ असाच आला. न्यायाने बोलायचे तर हे कार्ड दुसऱ्याला देता येते, विकताही येते. कार्ड ज्याच्या यंत्रात, खेळ त्याचा. म्हणून ते निव्वळ डाउनलोडपेक्षा बरे. पण कंपनीचे सर्व्हर चालू आहेत तोवरच त्या किल्लीला कुलूप आहे. निन्टेंडोनेच २७ मार्च २०२३ ला थ्रीडीएस आणि वी यू या यंत्रांची ऑनलाइन दुकाने बंद केली. आमच्या गावात जिथे गॅलरीच्या एका ठरावीक कोपऱ्यातच रेंज येते, तिथे पन्नास-साठ जीबी उतरवायला किती दिवस लागतील, हा हिशेब मी करून पाहिला आणि सोडून दिला.

सोनीचेही पाय त्याच वाटेवर आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये प्लेस्टेशन ५ प्रो जाहीर झाले, किंमत ६९९.९९ डॉलर, आणि त्यात तबकडी घालायची सोयच नाही. ती हवी असेल तर वेगळी विकत घ्या. ज्या कंपनीने २०१३ साली 'द्या आणि घ्या'ची चित्रफीत काढली तिनेच हे करावे, याची मला गंमतही वाटते आणि रागही येतो.

उलट एक उदाहरण सांगितले पाहिजे. पोलंडच्या सीडी प्रोजेक्टचा सायबरपंक २०७७ हा खेळ २०१२ मध्ये घोषित झाला आणि डिसेंबर २०२० मध्ये इतक्या मोडक्या अवस्थेत आला की सोनीने आठवडाभरात तो आपल्या दुकानातून काढून टाकला. अतिघोषणेचा नमुना म्हणून सगळे त्याच्याकडे बोट दाखवीत. त्याच कंपनीने पुढे तो खेळ चिकाटीने दुरुस्त केला, आणि २०२५ मध्ये स्विच २ वर आणताना तो अख्खाच्या अख्खा कॅसेटीत भरून दिला. म्हणजे करायचे ठरवले तर होते.

फार आधी घोषणा करण्याबद्दलही मला दोन शब्द बोलायचे आहेत. जून २०१७ मध्ये निन्टेंडोने मेट्रॉइड प्राइम ४ चे नुसते नाव दाखवले. तेव्हा मी पाचवीत होते. जानेवारी २०१९ मध्ये त्यांनी सांगितले, की झालेले काम मनासारखे नाही, रेट्रो स्टुडिओजबरोबर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. खेळ आला ४ डिसेंबर २०२५ ला. कामाला वेळ लागतो, ते मोडून पुन्हा करणे प्रामाणिकपणाचेच आहे. पण मग नाव दाखवण्याची घाई कशाला? (मेट्रॉइडवर माझा लोभ आहे. १९८६ च्या पहिल्या खेळात अंगभर चिलखत घातलेला तो लढवय्या शेवटी बाई निघतो. आमच्या आळीतल्या मुलांना हे ठाऊक असते, तर रिमोट मला जरा लवकर मिळाला असता.)

जीटीए ६ चेही तेच. पहिली झलक डिसेंबर २०२३ मध्ये आली तेव्हा २०२५ चा वायदा होता. मे २०२५ मध्ये तो २६ मे २०२६ वर गेला, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये १९ नोव्हेंबर २०२६ वर. आधीचा जीटीए ५ सप्टेंबर २०१३ चा. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या टीम चेरी या तिघा-चौघांच्या कंपनीनेही फेब्रुवारी २०१९ मध्ये सिल्कसाँग घोषित करून साडेसहा वर्षे लोकांना ताटकळत ठेवले. पण त्यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये तारीख सांगितली ती अवघी दोन आठवड्यांनंतरची, ४ सप्टेंबर, आणि किंमत ठेवली २० डॉलर. त्या दिवशी ऑनलाइन दुकाने गर्दीने कोलमडली. माझ्या मते घोषणा अशीच असावी. ताटकळवल्याचा राग किंमत ऐकूनच निम्मा झाला.

आमचे काही प्राध्यापक म्हणतील, की मुली, खेळच तो, आज आहे उद्या नाही, त्याचे एवढे काय? त्यांना मी 'आलम आरा'ची आठवण देईन. १९३१ चा आपला पहिला बोलपट. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. त्या काळीही 'सिनेमाच तो' म्हणणारे होतेच. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये पाहणी केली, तीत २०१० पूर्वी त्या देशात निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के बाजारात मिळत नाहीत असे आढळले. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी' हा खेळ काढला. तीत राजी नावाची मुलगी असुरांनी पळवलेल्या भावाला शोधायला निघते. २०१७ मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न फसल्यावरही त्या लोकांनी तो तडीस नेला. असा खेळ वीस वर्षांनी आपल्या मुलांना दाखवायचा तर तो कुठे ठेवलेला असेल? कॅसेटीत असला तर कपाटात सापडेल.

२०२४ च्या मार्चअखेर युबिसॉफ्टने 'द क्रू' या मोटारशर्यतीच्या खेळाचे सर्व्हर बंद केले आणि पैसे मोजून घेतलेला खेळ लोकांच्या हातून गेला. त्यातून 'स्टॉप किलिंग गेम्स' ही चळवळ उभी राहिली आणि युरोपात तिच्या मागणीवर दहा लाखांवर सह्या जमल्या. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदा आहे, की डाउनलोड विकताना ग्राहकाला 'हा परवाना आहे, मालकी नव्हे' असे स्पष्ट सांगितले पाहिजे. आपल्याकडे ज्यांनी सप्टेंबर २०२० मध्ये बंदीमुळे पबजी मोबाईलवरून नाहीसा होताना पाहिला, त्यांना परवाना आणि मालकी यांतला फरक कायदा न वाचताही समजेल.

यंदा जिमखान्याच्या बैठकीत मी एक सूचना मांडली. कॅरम आणि बुद्धिबळ आहेतच, सोबत एक जुने, वापरलेले कन्सोल घ्यावे आणि खेळ ग्रंथालयाच्या पुस्तकांसारखे कार्डावर आठ दिवसांसाठी द्यावेत. पहिला प्रश्न आला तो अभ्यास बुडण्याचा. तो अपेक्षित होता. दुसरा प्रश्न हिशेब पाहणाऱ्या सरांनी विचारला. डाउनलोड केलेला खेळ खात्यावर चढतो, तर ते खाते कुणाच्या नावावर काढायचे? प्राचार्यांच्या? सेक्रेटरी दर वर्षी बदलतो, मग खेळ कुणाबरोबर जाणार? आणि साठा-नोंदवहीत त्याची नोंद काय करायची, दिसणारी वस्तूच नसेल तर? बैठकीत बराच हशा झाला, पण उत्तर कुणाकडे नव्हते. शेवटी सरांनीच ठराव सुधारून दिला: यंत्र तबकडीचेच घ्यावे, आणि ज्या डबीत पूर्ण खेळ असेल तीच डबी नोंदवहीत चढवावी. ठराव पुढच्या बैठकीपर्यंत तहकूब आहे.