हजार ल्युमेनचा हिशेब

उसाला पाणी पाजण्याची पाळी दिवसाच यावी, असा काही नियम नाही. बेळगाव-खानापूर भागातील पुष्कळ शेतकऱ्यांना पंपाची वीज रात्री मिळते आणि मग मध्यरात्र उलटल्यावर बांधावरून चालत जाऊन दारे मोडावी लागतात. पूर्वी एका हातात खोरे आणि दुसऱ्या हातात कंदील असे. आता डोक्याला पट्ट्याने बांधावयाची विजेरी आली. बाजारात तिला हेडलॅम्प म्हणतात. तिच्यामुळे दोन्ही हात मोकळे झाले, ही सोय लहान नव्हे. परंतु ज्या वाटेवर घोणस आणि मण्यार यांचा वावर, त्या वाटेवर मध्येच विजेरी मंदावली तर काय ओढवेल, हे शेतकऱ्याच्या घरी सांगावयास नको. म्हणून तीनचारशे रुपयांच्या या वस्तूचा विचार येथे करावासा वाटतो.

विजेरीच्या खोक्यावर दोन आकडे ठळक छापलेले असतात. '१००० ल्युमेन' हा एक आणि '८ तास' हा दुसरा. ग्राहक साहजिकच ते एका श्वासात वाचतो आणि हजार ल्युमेन आठ तास मिळणार, असे समजतो. वस्तुतः पहिला आकडा दिव्याच्या सर्वांत प्रखर अवस्थेचा आणि दुसरा सर्वांत मंद अवस्थेचा असतो. म्हणजे एकाच खोक्यावर जणू दोन निराळ्या विजेऱ्यांचे वर्णन असते. तेही प्रामाणिक दुकानदारीत. स्वस्त मालात पहिला आकडा पुष्कळदा निव्वळ कल्पनाविलास असतो.

या ठिकाणी आपल्या भाषेची थोडी मदत होते. 'उजेड' आणि 'झोत' हे दोन शब्द आपण सहजच निराळे वापरतो. खोलीत उजेड असतो, तर झोत कुठेतरी पडतो. शास्त्रातही हाच भेद आहे. दिव्यातून सर्व दिशांनी मिळून बाहेर पडणारा एकूण उजेड ल्युमेनमध्ये मोजतात आणि एका दिशेला जाणाऱ्या झोताची तीव्रता कँडेलामध्ये. उजेड तेवढाच ठेवून भिंग पुढेमागे केले, तर झोत लांब जातो किंवा पसरतो, ल्युमेन मात्र जवळजवळ तेच राहतात. पायांखालची वाट पाहणाऱ्यास पसरट उजेड हवा. भीमगड अभयारण्यालगत रानगव्यांपासून पिकाची राखण करणाऱ्यास झोत हवा. दुकानदार मात्र दोघांनाही ल्युमेनच सांगतो.

अमेरिकेत २००९ साली विजेऱ्यांच्या मोजणीचे एक प्रमाण ठरले. नामांकित कंपन्या आज बहुधा तेच पाळतात. त्यानुसार झोताचा पल्ला म्हणजे जेथे उजेड पाव लक्स उरतो, ते अंतर. पाव लक्स म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड. तेव्हा '१०० मीटर पल्ला' याचा अर्थ शंभर मीटरवरचा गवा ओळखू येईल असा नसून, तेथे चांदणे पडल्याइतके दिसेल, एवढाच. तासांची व्याख्या तर याहून उदार आहे. आरंभीचा उजेड दहा टक्क्यांवर उतरेपर्यंतचा सर्व काळ त्यात धरला जातो. तीनशे ल्युमेनचा दिवा तीस ल्युमेनवर आला, तरी तोवरचे तास हिशेबात जमा! प्रमाण पाळणाऱ्यांची ही गत, मग न पाळणाऱ्यांविषयी काय बोलावे?

खरी कसोटी आपल्या नववीच्या मुलासही करता येईल. या विजेऱ्यांत बहुधा '१८६५०' या नावाचा सेल असतो. नाव मापावरूनच पडले आहे: जाडी १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर. चांगल्या सेलची क्षमता २५०० मिलिअँपिअर-तास धरावी. उत्तमातला उत्तम सेलही ३५०० च्या आसपास थांबतो. त्यावर ९९०० लिहिलेले आढळले, तर तो आकडा छापखान्यातच जन्मला, असे खुशाल समजावे. आता अडीच अँपिअर-तासांस ३·६ व्होल्टने गुणले, की नऊ वॅट-तास येतात. एलईडी दिवा, उष्णतेत आणि जोडणीत जाणारी वीज वजा करता, एका वॅटमागे साधारण शंभर ल्युमेन देतो. म्हणजे सेलच्या पोटात नऊशे 'ल्युमेन-तास' आहेत. ते तीनशेच्या दराने तीन तास खर्च करा किंवा दीडशेच्या दराने सहा तास. खोक्यावरच्या हजार ल्युमेनला आठ तासांनी गुणले, तर आठ हजार होतात. जमेपेक्षा खर्च जवळजवळ नऊपट! अशी खतावणी कोणता सावकार मान्य करील?

सेल बाहेर निघत असेल, तर तो स्वयंपाकघरातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवून पाहावा. खरा सेल पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास भरतो. तिशीच्या घरात भरला, तर आत माल कमी आहे. आमच्या ओळखीच्या सोनाराने हे ऐकून मान डोलावली होती. त्याच्या धंद्यात ही युक्ती फार जुनी आहे.

दुकानात मात्र डोळ्यांवर विसंबू नये. ट्यूबलाइटच्या लखलखाटात चांगली विजेरीही फिकी वाटते आणि अंधाराला डोळे पुरते सरावले, म्हणजे वीस-तीस मिनिटांनी, फिकीही झगझगीत वाटते. शिवाय उजेड निम्मा झाला, तरी डोळ्यांस तो निम्मा भासत नाही. थोडासाच उणावल्यासारखा वाटतो. स्वस्त विजेरी हळूहळू मंदावत जाते आणि चालणाऱ्याला ते फार उशिरा कळते. यासाठी घरी आणल्यावर पहिल्याच रात्री ती पूर्ण चार्ज करून अंधाऱ्या खोलीत लावावी. समोर दोन मीटरवर मोबाइल ठेवून त्यातील प्रकाशमापकाचा आकडा दर अर्ध्या तासाने वहीत टिपावा. मोबाइलचा आकडा काटेकोर नसतो, पण त्याचा उतार विश्वासार्ह असतो. आरंभी २०० असलेला आकडा ज्या वेळी १०० वर येईल, ती वेळ कागदावर लिहून विजेरीच्या पट्ट्याला चिकटवावी. आमच्या मते विजेरीचे खरे आयुष्य तेवढेच. रात्रीच्या फेरीला त्याहून दीड तास अधिक लागत असेल, तर एक भरलेला सेल खिशात हवाच. पाचसहाशे वेळा चार्ज झालेल्या सेलची ही मोजणी पुन्हा करावी, कारण त्याची क्षमता घटलेली असते.

आणखी एक गोष्ट खोक्यावर कधीच छापत नाहीत. कपाळावरचा दिवा डोळ्यांच्या रेषेतच असल्याने वस्तूंच्या सावल्या आपल्याला दिसत नाहीत. मग खड्डा, ढेकूळ आणि वेटोळे सारेच सपाट भासते. हीच विजेरी कमरेच्या पट्ट्याला बांधली, तर उजेड खालून तिरपा पडतो, प्रत्येक ढेकळामागे लांब सावली उमटते आणि पाऊल टाकण्यापूर्वीच उंचसखल कळून येते. दीडशे ल्युमेनची विजेरी कमरेला बांधून बांधावरून जाणारा माणूस कपाळावर पाचशे ल्युमेन मिरवणाऱ्यापेक्षा पायाखालचे अधिक चांगले पाहतो. दारे मोडताना मात्र ती पुन्हा डोक्यावर चढवावी लागते.