मोजणारी परिचारिका कुणाला हवी आहे?

सलाईनची सुई टोचलेली जागा काही रुग्णांच्या हातावर दुसऱ्याच दिवशी लाल होऊन सुजते, काहींची चार-चार दिवस नीट राहते. असे का, हा प्रश्न माझ्या तिसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीला पडला. तिने आपणहून वही घातली : सुई कधी लावली, हाताच्या कोणत्या जागी, कोणते औषध गेले, सूज केव्हा दिसली. नऊ-दहा पाने भरल्यावर वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टरांनी वही बंद करायला लावली. 'आधी खाटा आवर,' हे त्यांचे म्हणणे. आणि अपुऱ्या माणसांत वॉर्ड चालवणाऱ्या बाईंचे ते अगदीच चूक होते असेही नाही. चौथ्या वर्षी याच मुलीने 'स्तनपानाविषयी मातांचे ज्ञान' या विषयावर प्रश्नावली भरून घेतली. प्रबंध बांधून झाला, कपाटात गेला. त्यावर मार्गदर्शक म्हणून सही माझीच आहे.

भारतीय परिचर्या परिषदेच्या बी.एस्सी. अभ्यासक्रमात संशोधन व संख्याशास्त्र आहे, प्रकल्पही आहे. उणीव कागदावर नाही. प्रश्न कुणी विचारायचा, इथे घोडे अडते. रुग्णाच्या उशाशी तासन् तास असणाऱ्या मुलीला जे दिसते, ते डॉक्टरांच्या राउंडमध्ये दिसत नाही. आपण मात्र तिला तयार प्रश्न देतो, आणि बहुधा असा, की त्याच्या उत्तराने रुग्णालयात कुणालाच काही बदलावे लागू नये.

गंमत अशी, की जिच्या नावाने दरवर्षी १२ मे रोजी आपण दिवे लावतो, ती फ्लॉरेन्स नाइटिंगेल आकडेमोडीत तरबेज होती. क्रिमियन युद्धात जखमांपेक्षा रोगांनी अधिक सैनिक मेले, हे तिने १८५८ मध्ये आकृत्या काढून दाखवले. आपण दिवा तेवढा घेतला.

दूर कशाला, गडचिरोलीत पाहा. डॉ. अभय व राणी बंग यांनी खेड्यातल्या जेमतेम शिकलेल्या बायांना नवजात बाळाचे वजन करायला, श्वास मोजायला, नोंदी ठेवायला शिकवले. १९९९ मध्ये ते काम 'लॅन्सेट'मध्ये आले. तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात बालकांचे मृत्यू ६० टक्क्यांहून अधिक घटले होते. मग चार वर्षे शिकणाऱ्या मुलींच्याच हातातली वही का खुपावी?

रुग्णाची संमती, एथिक्स कमिटीची परवानगी हे सोपस्कार टळणार नाहीत. तेही शिक्षणच आहे. माझी सूचना साधी आहे. दुसऱ्या वर्षापासून वॉर्डातला एकच प्रश्न घ्यावा, पुढच्या तुकडीने तीच वही पुढे न्यावी आणि निष्कर्ष त्याच वॉर्डात वाचावेत. शिवाय प्रबंधावर इन्चार्ज सिस्टरांचे नाव मार्गदर्शकाच्या बरोबरीने घालावे, म्हणजे वही बंद करण्याआधी त्या निदान एकदा ती उघडून पाहतील.